दुय्यम आसनावरची सत्ता : लाकोस्ते, लष्करी राजकारण आणि फुटबॉलचा कारभार

आर्जेंटिनाच्या राष्ट्राध्यक्षांची यादी चाळीत असता ११ डिसेंबर ते २२ डिसेंबर १९८१ या मुदतीपुढे कार्लोस आल्बेर्तो लाकोस्ते हे नाव आढळते. अकरा दिवसांचा हा राष्ट्राध्यक्ष! राज्यसंस्थेच्या इतिहासकाराने अशा नावावर फार वेळ थांबावे असे त्यात काही नाही, आणि बहुतेक इतिहासकार थांबलेलेही नाहीत. परंतु हेच नाव फुटबॉलच्या जागतिक संघटनेच्या, म्हणजे फिफाच्या, उपाध्यक्षांमध्ये १९८० पासून १९८४ पर्यंत दिसते. आणि त्याच्याही आधी, १९७८ ची विश्वचषक स्पर्धा भरविणाऱ्या मंडळाचा उपाध्यक्ष म्हणूनही ते दिसते. ही तीन पदे शेजारी शेजारी मांडली म्हणजे एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. ज्या पदावर तो प्रथम क्रमांकाने बसला ते पद त्याच्या हाती असताना पोकळ होते, आणि ज्या दोन पदांवर तो दुसऱ्या क्रमांकाने बसला तेथे मात्र खरी सत्ता त्याच्याकडे होती.

लष्करी राजवटी खेळांचा उपयोग प्रचारासाठी करतात, हे विधान आता इतके रूढ झाले आहे की त्यातून नवे काही हाती लागत नाही. प्रस्तुत लेखात त्याहून मर्यादित प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. एका नौदल अधिकाऱ्याला खेळाच्या प्रशासनातून जी सत्ता मिळाली ती कोणत्या प्रकारची होती, आणि त्याच्या संरक्षक राजवटीचा अस्त झाल्यावरही ती काही काळ का टिकली, हा तो प्रश्न होय.

आर्जेंटिनात सैन्याने सरकार उलथून टाकण्याचे प्रसंग विसाव्या शतकात वारंवार आले. १९३०, १९४३, १९५५, १९६२, १९६६ आणि १९७६ ही ती साले. यांपैकी शेवटचे सत्तांतर पूर्वीच्या सत्तांतरांहून एका बाबतीत निराळे होते. २४ मार्च १९७६ रोजी इसाबेल पेरोन यांना पदच्युत करून जे त्रिमंडळ सत्तेवर आले त्यात भूदलाचा व्हिदेला, नौदलाचा मासेरा आणि हवाईदलाचा आगोस्ती असे तीन सेनाप्रमुख होते. आणि राज्ययंत्रणेची वाटणी तिन्ही दलांमध्ये समसमान व्हावी असे ठरले होते. खाती, प्रांतांचे राज्यपाल, सरकारी उद्योग, दूरचित्रवाणी केंद्रे या सर्वांचे तीन वाटे पडले. भाऊबंदकीत जमिनीचा तुकडान् तुकडा मोजून घेतात त्यातलाच हा प्रकार म्हणावा लागेल. राष्ट्राध्यक्षपद भूदलाकडे गेल्यामुळे इतर ठिकाणी आपला वाटा वाढवून घेण्याची नौदलाची, विशेषतः महत्त्वाकांक्षी मासेराची, खटपट सुरू होती. विश्वचषक स्पर्धा हा असाच एक वाटा होता. लाकोस्तेची कारकीर्द समजून घेताना ही वाटणी नजरेआड होऊ देता कामा नये, कारण तो मुळात फुटबॉलमधून राजकारणात आलेला नव्हता. नौदलाचा वाटा सांभाळण्यासाठी फुटबॉलमध्ये आलेला अधिकारी होता.

स्पर्धेचा मान आर्जेंटिनाला मिळाला तो या राजवटीमुळे नव्हे. १९६६ साली लंडन येथे भरलेल्या फिफाच्या अधिवेशनातच तो निर्णय झाला होता. मधल्या दहा वर्षांत देशात मुलकी व लष्करी मिळून अनेक सरकारे आली आणि गेली, आणि तयारी मात्र फारशी पुढे सरकली नव्हती. सत्तांतराच्या दिवशी सर्व आकाशवाणी व दूरचित्रवाणी केंद्रांवरून लष्करी निवेदने आणि संचलनगीते ऐकू येत होती. अपवाद एकच करण्यात आला. त्या दिवशी राष्ट्रीय संघाचा पोलंडविरुद्ध खोझूव येथे सामना होता, आणि त्याचे प्रक्षेपण होऊ द्यावे असे खास निवेदन काढण्यात आले. पहिल्याच दिवशी, रस्त्यांवर रणगाडे उभे असताना, नव्या राज्यकर्त्यांनी फुटबॉलकडे लक्ष द्यावे हे अर्थपूर्ण आहे. आर्जेंटिनाने तो सामना २–१ असा जिंकला.

त्याच वर्षी कायदा करून स्पर्धा ही राष्ट्रहिताची बाब ठरविण्यात आली आणि तिच्यासाठी एक स्वायत्त मंडळ स्थापन झाले. स्पॅनिशमध्ये त्याचे नाव ‘एन्ते आउतार्किको मुंदियाल ७८’ असे होते. यातील ‘आउतार्किको’ या विशेषणावर क्षणभर थांबले पाहिजे. ज्याला स्वतःचे कायदेशीर व्यक्तित्व आहे, स्वतःचा निधी आहे, आणि जे खात्याच्या नेहमीच्या उतरंडीत बसत नाही असे सार्वजनिक मंडळ, असा त्याचा प्रशासकीय अर्थ. लोकशाही राज्यात अशा मंडळावर संसदेचा, लेखापरीक्षकाचा व वृत्तपत्रांचा पहारा असतो, निदान असावा अशी अपेक्षा असते. आर्जेंटिनात मात्र संसद विसर्जित झाली होती, वृत्तपत्रांना धाक होता, आणि पुढे मंडळाला आपल्या खर्चाचा तपशील गुप्त ठेवण्याची मुभाही हुकमान्वये देण्यात आली. तेव्हा येथे ‘स्वायत्त’ याचा व्यवहारातील अर्थ ‘कोणालाही हिशेब देण्यास न बांधलेले’ असा झाला. मंडळाचे अध्यक्षपद भूदलाकडे आणि उपाध्यक्षपद नौदलाकडे अशी वाटणी होती. अध्यक्ष झाला जनरल ओमार आक्तिस. उपाध्यक्ष नौदलातील कप्तान लाकोस्ते. त्याचा जन्म १९२९ चा. म्हणजे या वेळी त्याचे वय ४७ होते.

आक्तिसचा कल काटकसरीकडे होता असे सर्वत्र नमूद झाले आहे. देशाची आर्थिक स्थिती पाहता भव्यतेच्या मागे लागू नये असे त्याचे मत. १९ ऑगस्ट १९७६ रोजी, मंडळाच्या योजना वार्ताहरांपुढे मांडण्यासाठी तो निघाला असता वाटेत त्याची हत्या झाली. राजवटीने या हत्येचे खापर डाव्या गनिमी संघटनांवर फोडले. पुढे मात्र या हत्येमागे नौदलाचा हात असावा असा संशय अनेकांनी उघड बोलून दाखविला. न्यायालयात तो कधी शाबीत झाला नाही, आणि संशोधकाने संशयाला निष्कर्षाचा दर्जा देऊ नये हे योग्यच आहे. सिद्ध गोष्ट एवढीच की आक्तिसच्या मृत्यूनंतर जनरल आन्तोनिओ मेर्लो अध्यक्षपदी आला, तरी निर्णय लाकोस्ते घेऊ लागला. भूदलाचा वाटा कागदावर कायम राहिला. प्रत्यक्ष कारभार नौदलाकडे गेला.

असे का व्हावे? मेर्लो दुबळा होता आणि लाकोस्ते धूर्त, एवढ्याने उलगडा होत नाही. अध्यक्षाला समारंभ, निवेदने व त्रिमंडळापुढे जाब देणे ही कामे असतात. उपाध्यक्षाच्या टेबलावर कंत्राटे, वेळापत्रके, परदेशी संघटनांशी पत्रव्यवहार आणि खर्चाच्या मंजुऱ्या येतात. ज्याच्या हाती कंत्राट त्याच्या हाती मंडळ, हा कारभाराचा जुना नियम आपल्याकडील नगरपालिकांच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. शिवाय स्पर्धेची तारीख टळण्यासारखी नव्हती. १ जून १९७८ या दिवसाच्या आत सर्व काही उभे राहिले पाहिजे, ही एक सबब पुढे केली की कोणतीही निविदा, कोणतीही हरकत बाजूला सारता येत असे.

उभे काय राहिले ते पाहावे. कोर्दोबा, मेन्दोसा आणि मार देल प्लाता येथे तीन नवी स्टेडियमे बांधण्यात आली. ब्युनॉस आयर्समधील रिव्हर प्लेट व व्हेलेस या संघांची आणि रोसारिओ येथील अशी तीन जुनी स्टेडियमे सुधारण्यात आली. रंगीत दूरचित्रवाणीसाठी राजधानीत एक प्रचंड निर्मितीकेंद्र बांधले गेले. येथे एक गंमत नोंदविण्याजोगी आहे. या केंद्रातून स्पर्धेचे रंगीत प्रक्षेपण साऱ्या जगाला गेले, पण ज्यांच्या करातून ते उभे राहिले त्या आर्जेंटिनी नागरिकांनी घरच्या पडद्यावर सामने पाहिले ते काळ्यापांढऱ्या रंगांत. देशात नियमित रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते १९८० मध्ये. राजवटीच्या दृष्टीने स्पर्धेचा खरा प्रेक्षक कोठे बसला होता, याचा याहून बोलका पुरावा शोधण्याची गरज नाही.

खर्चाविषयी राजवटीच्या आतूनच तक्रार झाली. अर्थखात्यातील सचिव हुआन आलेमान याने या खर्चावर उघड टीका केली. त्याच्या सांगण्यानुसार खर्च ७० कोटी डॉलरांच्या घरात गेला होता. मंडळाने स्वतः दिलेला आकडा ५० कोटींच्या वर होता. कोणताही आकडा घेतला तरी चार वर्षांनी स्पेनने चोवीस संघांच्या स्पर्धेवर जो खर्च केला त्याच्या कितीतरी पट तो होतो. आणि १९७८ च्या स्पर्धेत संघ होते सोळाच. हा खर्च कोणत्या काळात होत होता हेही ध्यानात घ्यावे. त्या वर्षी महागाईवाढीचे प्रमाण दीडशे टक्क्यांच्या पुढे होते, वेतने गोठविलेली होती आणि संप बेकायदेशीर होते. आलेमान हा काही लोकशाहीवादी विरोधक नव्हता. ही वेतननीती राबविणाऱ्या अर्थखात्याचाच तो एक आधारस्तंभ होता. त्याचा आक्षेप हिशेबनीसाचा होता. २१ जून १९७८ रोजी आर्जेंटिनाने पेरूविरुद्ध रोसारिओ येथे तो बहुचर्चित सामना खेळला. अंतिम फेरीत जाण्यासाठी चार गोलांच्या फरकाने विजय आवश्यक होता, आणि निकाल ६–० असा लागला. चौथा गोल झाला त्याच सुमारास राजधानीत आलेमानच्या घरी बाँबस्फोट झाला. त्यात जीवितहानी झाली नाही. स्फोट कोणी घडविला याचा निवाडा झाला नाही, आणि पेरूच्या पराभवामागे सौदा होता या आरोपाचाही झाला नाही. सामन्याभोवतीच्या कहाण्यांवर आजवर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्याहून महत्त्वाची वाटावी अशी गोष्ट ही की एका सरकारी मंडळाच्या हिशेबावर बोट ठेवणाऱ्या त्याच सरकारच्या सचिवाला हिशेब मात्र मिळाला नाही.

नौदलाचा आणखी एक वाटा होता, आणि त्याचा उल्लेख टाळून लाकोस्तेविषयी लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. रिव्हर प्लेटच्या स्टेडियमपासून सुमारे एक किलोमीटरवर नौदलाचे यांत्रिकी विद्यालय होते. ही वास्तू मासेराच्या अमलाखाली गुप्त बंदिशाळा बनली होती. सुमारे पाच हजार माणसे तेथून गेली. त्यांतील बहुतेक पुन्हा कोणाला दिसली नाहीत. जे वाचले त्यांनी पुढे दिलेल्या साक्षींत सामन्याच्या वेळी स्टेडियममधील आरोळ्या कोठड्यांत ऐकू येत असल्याचे सांगितले आहे. लाकोस्ते त्या बंदिशाळेचा अधिकारी नव्हता आणि तेथील कृत्यांबद्दल त्याच्यावर दोषारोप शाबीत झालेला नाही. परंतु एकाच दलाच्या एका हाताने स्टेडियम सजवावे आणि दुसऱ्या हाताने शेजारी बंदिशाळा चालवावी, ही रचना राज्याच्या त्रिभाजनातूनच आलेली होती. स्पर्धेच्या उद्घाटनाच्या दिवशी व्हिदेला मैदानात शांततेविषयी भाषण करीत असताना माजो चौकात बेपत्ता मुलांच्या माता पांढरे रुमाल बांधून फिरत होत्या, आणि काही परदेशी वार्ताहर सामना सोडून तिकडे गेले. कोट्यवधी डॉलर ज्या डोळ्यांसाठी खर्च झाले त्यांपैकी काहींनी भलतेच पाहिले.

२५ जून रोजी हॉलंडचा जादा वेळेत ३–१ असा पराभव करून आर्जेंटिनाने चषक जिंकला. मंडळाचे काम येथे संपावयास हवे होते. लाकोस्तेचे काम मात्र येथून खऱ्या अर्थाने सुरू झाले असे म्हणावयास हरकत नाही.

मासेरा सप्टेंबर १९७८ मध्ये नौदलप्रमुखपदावरून निवृत्त झाला. आश्रयदाता गेला की आश्रिताचा ऱ्हास व्हावा, हा लष्करी राजकारणातील सर्वसाधारण क्रम. लाकोस्तेच्या बाबतीत तसे घडले नाही. उलट त्याची बढती होत जाऊन तो व्हाइस-अ‍ॅडमिरल झाला. याचे कारण असे दिसते की या सुमारास त्याचे बळ मासेरावर अवलंबून राहिलेले नव्हते. देशातील फुटबॉलचा कारभार आणि परदेशातील फुटबॉलचे पुढारी यांना जोडणारा दुवा तो झाला होता. आर्जेंटिनी फुटबॉल महासंघाचा अध्यक्ष आल्फ्रेदो कान्तिलो हा वकीली वळणाचा, सभ्य गृहस्थ. मेनोत्तीसारख्या डाव्या विचारांच्या प्रशिक्षकाला त्याने लष्कराच्या अमलातही सांभाळले होते. एप्रिल १९७९ मध्ये त्याच्या जागी हुलिओ ग्रोन्दोना आला. ही निवड लाकोस्तेच्या संमतीशिवाय होणे शक्य नव्हते असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढील वर्षी, १९८० मध्ये, लाकोस्ते स्वतः फिफाचा उपाध्यक्ष झाला. तेथील अध्यक्ष ब्राझीलचा जोआव हॅवेलांज हा १९७४ साली इंग्लंडच्या सर स्टॅन्ली राऊस यांना हरवून निवडून आला होता. अविकसित देशांच्या मतांवर निवडून आलेल्या या अध्यक्षाला १९७८ ची स्पर्धा यशस्वी होणे अत्यावश्यक होते, आणि ती यशस्वी करून दाखविणारा माणूस त्याला लाकोस्तेमध्ये दिसला. या दोघांचे सख्य पुढे उपयोगी पडले.

येथे शेजारच्या ब्राझीलकडे एक दृष्टिक्षेप टाकणे उपयुक्त होईल, कारण तेथेही त्याच काळात एक अ‍ॅडमिरल फुटबॉलच्या गादीवर होता, आणि तोही हॅवेलांजचाच वारस. १९७५ मध्ये हॅवेलांजनंतर ब्राझीलच्या क्रीडामहासंघाचे अध्यक्षपद एलेनो नुनेस या नौदल अधिकाऱ्याकडे आले. तो त्याच वेळी सरकारी पक्षाचा, म्हणजे आरेनाचा, रिओ राज्यातील अध्यक्ष होता. ब्राझीलच्या लष्करी राजवटीने निवडणुका पूर्णपणे बंद केलेल्या नव्हत्या. १९७४ मध्ये सिनेटच्या २२ जागांपैकी १६ जागा विरोधी पक्षाने जिंकल्यामुळे राजवट धास्तावली होती. तेव्हा नुनेसच्या हाती फुटबॉल हे मते मिळविण्याचे साधन झाले. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत १९७५ साली ४२ संघ होते. ते १९७६ मध्ये ५४, १९७७ मध्ये ६२, १९७८ मध्ये ७४ आणि १९७९ मध्ये ९४ झाले. ज्या गावी सरकारी पक्षाची स्थिती नाजूक तेथील संघाला स्पर्धेत प्रवेश द्यावयाचा, असा सरळ हिशेब लोक त्या काळी थट्टेने सांगत. खेळाच्या दृष्टीने ही स्पर्धा हास्यास्पद झाली, परंतु तिच्यात एक प्रकारची उघड देवघेव होती, आणि देवघेव जिच्याशी करावयाची ती जनता होती. लाकोस्तेला मतदारच नव्हता. त्याला गावोगावचे संघ खूश करण्याचे कारण नव्हते. त्याला खूश ठेवावयाचे होते ते त्रिमंडळातील सहकारी, कंत्राटदार आणि फिफाचे पदाधिकारी. दोन्ही अ‍ॅडमिरल, दोन्ही फुटबॉलचे कारभारी, पण एकाची सत्ता खाली पसरत गेली व दुसऱ्याची बाहेर.

आता त्या अकरा दिवसांकडे वळू. मार्च १९८१ मध्ये व्हिदेलाच्या जागी जनरल व्हिओला राष्ट्राध्यक्ष झाला, आणि त्याच्या मंत्रिमंडळात लाकोस्तेकडे सामाजिक कार्याचे खाते आले. आर्थिक अरिष्ट, भूदलातील असंतोष आणि स्वतःचे आजारपण यांमुळे व्हिओलाची कारकीर्द अल्पायुषी ठरली. नोव्हेंबरात त्याने प्रकृतीच्या कारणास्तव कारभार गृहमंत्री जनरल लिएन्दोकडे सोपविला. ११ डिसेंबरला त्रिमंडळाने व्हिओलाला पदच्युतच केले. भूदलप्रमुख गाल्तिएरी त्याची जागा घेणार हे ठरलेलेच होते, पण शपथविधी २२ तारखेस व्हावयाचा होता. मधल्या दिवसांत सही करण्यासाठी कोणीतरी हवे होते. ते काम लाकोस्तेकडे आले. या अकरा दिवसांत त्याने काही धोरणात्मक निर्णय घेतला असे दिसत नाही, आणि तशी अपेक्षाही नव्हती. तिन्ही सेनाप्रमुखांच्या वर कोणतेही आसन नव्हते. राष्ट्राध्यक्षाचे आसन तर नाहीच. मंडळाचा उपाध्यक्ष असताना एका सहीने तो स्टेडियम उभे करीत असे. राष्ट्राध्यक्ष असताना त्याची सही फक्त आसन रिकामे नाही एवढे दाखवीत होती.

गाल्तिएरीच्या राजवटीने २ एप्रिल १९८२ रोजी माल्विनास, म्हणजे फॉकलंड, बेटांवर सैन्य उतरविले. १३ जून रोजी विश्वविजेत्या आर्जेंटिनाने बार्सिलोना येथे नव्या स्पर्धेतील पहिला सामना बेल्जियमविरुद्ध ०–१ असा गमावला आणि दुसऱ्या दिवशी बेटांवरील सैन्याने शरणागती पत्करली. राजवटीचा डोलारा कोसळण्यास त्यानंतर फार वेळ लागला नाही. १० डिसेंबर १९८३ रोजी राऊल आल्फोन्सीन निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष म्हणून अधिकारावर आला.

या ठिकाणी आपल्या मूळ प्रश्नाचा कस लागतो. राजवट गेली, त्रिमंडळाचे सदस्य आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहण्याच्या मार्गावर होते, नौदल अप्रतिष्ठित झाले होते. तरी लाकोस्ते फिफाचा उपाध्यक्ष होताच. त्याला त्या पदावरून दूर करण्याचा अधिकार आर्जेंटिनाच्या नव्या लोकनियुक्त सरकारला नव्हता. फिफा ही झूरिक येथे नोंदलेली खाजगी संघटना. तिचे पदाधिकारी सरकारांचे नव्हे, संघटनेचे. लष्करी सरकारने ज्याला खेळात आणले, त्याला लोकशाही सरकारने काढू म्हटले तर तो खेळातील सरकारी हस्तक्षेप ठरणार! स्वायत्ततेचे तत्त्व मुळात खेळाला सत्ताधाऱ्यांपासून वाचविण्यासाठी. येथे ते एका माजी सत्ताधाऱ्याची ढाल बनले.

नव्या राजवटीत लाकोस्तेच्या मालमत्तेची चौकशी सुरू झाली. उरुग्वेतील पुन्ता देल एस्ते या सागरकाठच्या श्रीमंती वस्तीत त्याने घेतलेल्या मालमत्तेसाठी पैसा कोठून आला, हा त्या चौकशीतील एक प्रश्न. त्या संदर्भात हॅवेलांजने ९० हजार डॉलर आपण लाकोस्तेला कर्जाऊ दिले होते असे सांगितले. जागतिक संघटनेचा अध्यक्ष आपल्या उपाध्यक्षाला जमीनजुमल्यासाठी खाजगी कर्ज देतो, ही गोष्ट हॅवेलांजला स्वतःला अनुचित वाटल्याचे दिसत नाही. लाकोस्तेला शिक्षा झाली नाही. १९८४ मध्ये तो फिफाच्या पदावरून मात्र दूर झाला. मंडळाच्या खर्चाची पूर्ण उकल तेव्हाही झाली नाही. ज्या कागदांच्या आधारे ती व्हावयाची ते कागद गुप्ततेच्या हुकमाखालीच तयार झाले होते, किंवा झालेच नव्हते.

या संदर्भात भारतीय वाचकाला अलीकडचा एक प्रसंग आठवेल. मे १९२२ च्या बरोबर शतकानंतर, म्हणजे मे २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने अखिल भारतीय फुटबॉल महासंघावर प्रशासकांची समिती नेमली. मुदत संपूनही निवडणुका न झाल्यामुळे हे पाऊल उचलावे लागले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, बाह्य हस्तक्षेपाच्या कारणास्तव, फिफाने भारताला निलंबित केले. ऑक्टोबरात मडगाव, नवी मुंबई व भुवनेश्वर येथे मुलींची सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा भरावयाची असल्याने हा मोठाच पेच होता. समिती बरखास्त होऊन निलंबन अकरा दिवसांत उठले आणि स्पर्धा पार पडली. लोकशाही देशातील न्यायालयाने नेमलेली समिती हा हस्तक्षेप, आणि १९७६ साली त्रिमंडळाने कायद्याने निर्माण केलेले, सेनाधिकाऱ्यांनी चालविलेले मंडळ हा मात्र भागीदार, अशी ही दोन टोके आहेत. मधल्या ४६ वर्षांत फिफाचे नियम पुष्कळ बदलले हे खरे, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. तथापि हस्तक्षेप कोणता आणि सहकार्य कोणते हे ठरविण्याचा अधिकार दोन्ही वेळी एकाच संघटनेकडे होता, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

लाकोस्ते २४ जून २००४ रोजी मरण पावला. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात, सत्तांतराच्या अठ्ठाविसाव्या स्मरणदिनी, नौदलाचे ते यांत्रिकी विद्यालय स्मृतिस्थळ करण्याचा निर्णय जाहीर झाला होता. २०२३ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. ग्रोन्दोना मात्र लष्करी राजवट, आल्फोन्सीन आणि त्यानंतरचे सर्व राष्ट्राध्यक्ष यांच्या काळात आपल्या जागी अढळ राहिला. १९८८ मध्ये तोही फिफाचा उपाध्यक्ष झाला. ३० जुलै २०१४ रोजी त्याचा मृत्यू झाला तेव्हा ही दोन्ही पदे त्याच्याकडेच होती.